वादळात आधी भाकर मोडली

बार्देशातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. माहेर सावंतवाडीचं, शिक्षण मराठीतून, लग्न होऊन गोव्यात 19 वर्षं झाली. वय 44. नवरा तारवटी, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. घरी पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि दहावीतला मुलगा. सकाळी त्या अर्धवेळ नोकरी करतात, तेवढा वेळ शेजारच्या काकू सासूबाईंकडे बघतात. वाड्यावरच्या प्रार्थनेत वाचन त्यांच्याकडेच असतं, चर्चच्या गायनातही त्या असतात. 'तुझा विश्वास किती दांडगा', असं सगळे म्हणतात. पण गेल्या पावसाळ्यापासून पहाटे तीनच्या सुमाराला छाती धडधडून जाग येते. बोटीचं काही झालं तर, सासूबाईंना एकाएकी काही झालं तर, या विचारांनी घाम फुटतो. बायबल उघडलं तर अक्षरं नुसती दिसतात, डोक्यात शिरत नाहीत. अशात येत्या मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, फेस्ताला (सणाला) 'विश्वासातून मिळणारं धैर्य' या विषयावर चार शब्द बोलायला त्यांना सांगितलं आहे, आणि तेव्हापासून आपण ढोंगी आहोत असं त्यांना वाटू लागलं आहे. त्या विचारतात: देवावर विश्वास आहे, तर एवढी भीती का? विश्वास वाढवायला काय करू? कोणती वचनं वाचली म्हणजे धीर येईल?

ताई,

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिली आहे. 'रात्री एकला आणि चारला सासूबाईंची कूस बदलायला उठावंच लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात.' हे दोन वर्षांपासून चाललंय, असंही तुम्ही लिहिता. म्हणजे दोन वर्षं जिला सलग झोप मिळालेली नाही, ती बाई मला विचारते आहे की माझा विश्वास कुठं कमी पडला. विश्वासाबद्दल मी बोलणारच आहे. पण आधी एवढं ऐकून घ्या, की झोप तुटलेल्या माणसाला भीती जास्त वाटते. शरीराचा तो धर्मच आहे. त्यात पाप नाही, आणि त्यावरून कोणाचा विश्वास मोजताही येत नाही.

विश्वास आला की भीती गेली पाहिजे, हे तुम्ही धरूनच चालला आहात. तुम्हीच काय, आपल्यातले पुष्कळजण. प्रवचनातून, गाण्यांतून, भिंतीवरच्या वचनांच्या चित्रांतून ते आपल्या मनात मुरलेलं असतं. मग भीती वाटली की माणूस दोनदा भितो, एकदा त्या गोष्टीला आणि एकदा आपण भ्यालो म्हणून. तुमची पहाट या दुसऱ्या भीतीनं जास्त जड केली आहे, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं.

बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय 27. तारवट्याच्या घरातल्या माणसाला हा अध्याय ठाऊक असणारच. येशूचा प्रेषित पौल, त्याला कैदी म्हणून रोमला घेऊन निघालेलं जहाज वादळात सापडतं. बरेच दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत, आणि वाचण्याची सगळी आशा संपली असं सरळ लिहिलेलं आहे. आपण सहसा या गोष्टीच्या शेवटाकडे धावतो, सगळे सुखरूप किनाऱ्याला लागले म्हणून. मला वाटतं, तुम्ही जरा मधल्या भागात थांबावं. रात्री देवदूत पौलाजवळ उभा राहतो आणि म्हणतो, 'पौला, भिऊ नको.' जो भ्यालेलाच नाही त्याला कोणी असं सांगायला येत नाही. त्या रात्री पौल घाबरलेला होता, असंच मी ते वाचते. त्याबद्दल देवदूतानं त्याला एका शब्दानंही रागे भरलेलं नाही.

पुढं खलाशांना वाटतं की आपण जमिनीजवळ आलो, पण अंधारात खडकावर आपटू ही धास्ती. ते जहाजाच्या मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडावा म्हणून प्रार्थना करत बसतात. त्या रात्री त्यांच्या हातात तेवढंच होतं आणि तेवढंच त्यांनी केलं. मग उजाडायच्या बेताला पौल उठतो. चौदा दिवस धड कोणी जेवलेलं नाही. तो लोकांना विश्वासावर लांबलचक भाषण देत नाही. खाऊन घ्या, जगण्यासाठी याची गरज आहे, असं सांगतो. सगळ्यांसमोर भाकर हातात घेतो, देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि स्वतः खायला लागतो. तेव्हा सगळ्यांना धीर येतो आणि तेही खातात. जहाजावर 276 माणसं होती, हा आकडासुद्धा लिहिणाऱ्यानं आवर्जून दिला आहे.

ताई, मला या प्रसंगाचं फार अप्रूप आहे. धीर आला तो भाकरीबरोबर आणि चारचौघांत आला. पौल एका कोपऱ्यात बसून आपला विश्वास वाढवत होता आणि पुरेसा वाढल्यावर बाहेर आला, असं घडलेलं नाही.

तुमचा प्रश्न बघा, 'मी काय करू म्हणजे माझा विश्वास वाढेल.' सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर. सासूबाई तुमच्याकडे, मुलाची दहावी तुमच्याकडे, वाड्यावरचं वाचन तुमच्याकडे, आणि आता धैर्यही तुम्हीच कुठून तरी आणायचं. ख्रिस्ती धर्म हे असं सांगत नाही. पकडलं जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूनं तीन मित्रांना सोबत घेतलं, माझा जीव फार कष्टी झाला आहे असं त्यांना बोलून दाखवलं, आणि माझ्याबरोबर जागे राहा अशी विनंती केली. ते झोपले, ही त्यांची कमतरता. पण त्यानं मागितलं, हे विसरू नका. तुम्ही गेल्या दोन वर्षांत कोणाला 'माझ्याबरोबर जागे राहा' म्हटलंय का? पत्रात तरी मला ते कुठं दिसलं नाही.

आपल्या गोव्याचंच उदाहरण घ्या. संत जुझे वाझ, जन्म 1651, बाणावलीचे. 2015 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केलं, तेव्हा गोव्यातल्या कित्येक घरांत लोक टीव्हीसमोर बसले होते. त्यांच्या धैर्याची गोष्ट आपण पोरांना सांगतो: डचांच्या अमलात कॅथलिक धर्मगुरूंना बंदी असताना 1687 मध्ये वेष बदलून श्रीलंकेत शिरले, पुढे कँडीत पोर्तुगीजांचे हेर समजून कैदेत पडले. सांगताना एकट्या वीराची कथा होते. पण ते एकटे नव्हते. जुवांव नावाचा तरुण गोव्यापासून सोबत होता आणि कँडीच्या कैदेतही होता. जाफन्याला पोचल्यावर वाझ हगवणीनं आजारी पडून अंथरुणाला खिळले. बरे झाले, मग काम सुरू झालं. संतालासुद्धा आधी बरं व्हावं लागलं. तुम्ही मात्र स्वतःला आजारी पडण्याचीही सवलत देत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, डॉक्टर. तुमच्या वयाला पाळी जाण्याच्या आधीच्या काळात रात्री घाम फुटणं, छाती धडधडणं, झोप मोडणं हे बऱ्याच बायकांना होतं. थायरॉईड वाढलेला असेल किंवा रक्त कमी असेल, तरी धडधड होते. या तपासण्या करून घ्या, रक्तदाब बघून घ्या, लागलाच तर ईसीजी. सगळं ठीक निघालं आणि धडधड तशीच राहिली, तर मनाच्या डॉक्टरांकडे जायला लाजू नका. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथं मराठीतही बोलता येतं. पहाटे तीनला जाग आली तर तेव्हाही फोन लागतो. गोळी घ्यावी लागली तर 'माझा विश्वास गोळीवर आला' असं मनात आणू नका. त्या वादळातल्या जहाजाची गोष्ट सांगणारा 'आम्ही' असं म्हणत लिहितो. परंपरेनं तो लूक मानला जातो, आणि पौलानंच एका पत्रात त्याला 'प्रिय वैद्य' म्हटलंय. पौलाच्या सोबतीला त्या जहाजावर वैद्य होता.

दुसरी गोष्ट रात्रीची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, हे खरं. हवेची गादी घेतली नसेल तर घ्या. तिनं कूस बदलणं सुटत नाही, पण जखमांचा धोका कमी होतो आणि रात्रीचं अंतर किती वाढवता येईल ते डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सासूबाईंना तपासून सांगू शकतील. मुलगा रात्री अकरापर्यंत अभ्यासाला जागाच असतो, असं तुम्ही लिहिता. मग झोपायला जाण्याआधी आजीची एक कूस तो बदलू दे. दहावी आहे म्हणून तुम्ही त्याला कशालाच हात लावू देत नाही. दहा मिनिटांनी त्याचे गुण जाणार नाहीत, आणि आजीला हात लावून झोपलेला मुलगा काही गमावत नाही. आणि आठवड्यातून दोन रात्री पगारी बाई ठेवा. खर्च येईल, पण तुमचा नवरा समुद्रावर राबतो तो या घरासाठीच, आणि या घरात तुमची झोपही येते.

तिसरी गोष्ट नणंदेची. दर रविवारी त्या येतात, चहा घेतात आणि 'तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त' म्हणून जातात. हे वाचून मला राग आला, खरं सांगते. पण तुमच्या पत्रावरून त्या वाईट मनाच्या वाटत नाहीत. तुम्ही त्यांना दोन वर्षं हसून निरोप दिलाय, त्यांनी काय ओळखायचं? 'कधीतरी मदत करा' असं म्हणू नका, ते वाऱ्यावर जातं. नेमकं मागा: 'शनिवारी रात्री तुम्ही इथं राहा, मी आतल्या खोलीत दार लावून झोपते.' नाही म्हणाल्या तर वाईट वाटेल, पण निदान कोण काय करणार ते कळेल. गलतीकरांच्या पत्रात 'एकमेकांची ओझी वाहा' असं म्हटलं आहे. तुम्ही आजवर त्यातलं वाहणंच तेवढं पाळलंत. दुसऱ्यालाही वाहू द्यायला हवं ना?

नवऱ्याला सांगावं की नाही, हा तुमचा पेच मला समजतो. तो एवढ्या लांब, तिथं काही करू शकत नाही, उगाच त्याच्या जिवाला घोर. तारवट्यांच्या घरांमधून मी हे बऱ्याचदा ऐकलंय. व्हिडिओ कॉलवर 'सगळं बरं आहे' म्हणायचं आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसायचे. यात माया आहे, हे मी नाकारत नाही. पण त्यानं दोघंही एकटे पडतात. बऱ्याचदा तिकडून येणारं 'सगळं बरं आहे' हेही तसंच असतं. मी तुमच्या जागी असते तर सांगितलं असतं. मात्र त्याची ड्युटी सुरू व्हायच्या तोंडावर नको. आधी कळवून, अर्धा तास मोकळा ठेवून सांगा. नुसती भीती सांगू नका, डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि रात्रीसाठी बाई बघते आहे, हेही सांगा. पुढचं कॉन्ट्रॅक्ट घेताना मुलाच्या परीक्षेचे दिवस लक्षात घेता येतील का, तेही त्याच वेळी विचारा. त्यानंच काळजी करायची नाही असं ठरवून तुम्ही त्याचा नवरेपणा त्याच्या हातून काढून घेताय, हे मला बरं दिसत नाही.

शेजारच्या काकूंबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय. त्यांच्या घरी तुळशीवृंदावन आहे, तुमच्या दारात खुरीस. रोज सकाळी त्या येऊन सासूबाईंना पेज भरवतात. 'पण त्यांच्याशी श्रद्धेचं काय बोलणार', असं तुम्ही म्हणता. श्रद्धेचं बोलू नका हवं तर, भीतीचं बोला. ते जहाज शेवटी फुटलं, माणसं फळ्या धरून मेलितेला, म्हणजे माल्टाला लागली. पाऊस पडत होता, थंडी होती. तिथल्या लोकांनी शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ घेतलं. ते ख्रिस्ती नव्हते. बायबलनं त्यांच्या माणुसकीची नोंद मोठ्या आदरानं केली आहे. देवानं धीर पाठवला तर तो फक्त आपल्या चर्चच्या दारातूनच येईल, अशी अट आपण कशाला घालायची? गोव्यात तरी ती घालू नये. इथं मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, फेस्ताला म्हापशात हिंदू-ख्रिस्ती सगळे कसे येतात, ते तुम्ही दरवर्षी बघता.

आता वचनं. तुम्ही धीर देणारी वचनं विचारलीत, आणि यहोशवाच्या पहिल्या अध्यायातलं 'खंबीर हो, हिंमत धर' तुम्हाला पाठ आहेच. पहाटे तीनला ते वाचून उलट ओझं वाढतं, असंही तुम्ही लिहिलंय. मग त्या वेळी ते वाचू नका. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा, रडण्याचा आहे. 13 वं स्तोत्र काढा. सहाच ओवी आहेत आणि सुरुवातच 'किती काळ' अशी आहे. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि शतकानुशतकं लोक ते देवासमोर म्हणत आले आहेत. म्हणजे गाऱ्हाणं घालणं हीसुद्धा प्रार्थनाच. वाड्यावर कोकणीत प्रार्थना होते, चर्चमध्ये होते, ते चालू द्या. पण पहाटेच्या अंधारात माहेरच्या मालवणीत बोला देवाशी, भांडायचं तर भांडा. दोन मिनिटं पुरे. अक्षरं डोक्यात शिरत नसतील तर पुस्तक मिटून ठेवा आणि मार्कच्या शुभवर्तमानातल्या त्या आजारी मुलाच्या बापाची एक ओळ म्हणा: 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' येशूनं त्याला 'आधी पुरता विश्वास घेऊन ये' म्हणून परत पाठवलं नाही. मुलगा बरा केला.

पाद्रीबाबांकडे जायचं मनात आहे म्हणता, तर जरूर जा. पण कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली देताना, भीती हे पाप म्हणून सांगू नका. वेळ मागून घ्या, बसून बोला. सासूबाईंसाठी घरी ख्रिस्तप्रसाद आणतात, त्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहून पाणी आणणं, मेणबत्ती लावणं यातच असता. पुढच्या वेळी सासूबाईंच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा, आणि माझ्यासाठीही प्रार्थना करा म्हणून मोकळेपणानं सांगा. कोणी नुसतंच 'अजून प्रार्थना कर' म्हणालं, तर ते चांगल्या मनानं म्हटलं असेल असं समजून दुसऱ्या कोणाशी बोला. दोन वर्षं न झोपलेल्या बाईला तेवढंच सांगणं मला पुरेसं वाटत नाही.

तुमच्यासारख्या इतरही वाचक असतील. कोणाच्या घरी कर्करोगाचे उपचार चालू आहेत, कोणाचा मुलगा आखातात आहे, कोणी नोकरी गेल्याचं घरी सांगितलेलं नाही. त्यांनाही मी हेच म्हणेन, की आठवड्यातल्या कामांची एकदा यादी करा आणि त्यातलं काय खाली टाकता येईल ते बघा. वादळात त्या जहाजावरच्यांनी आधी माल टाकला, मग जहाजाचं सामान, आणि शेवटी पोटभर खाऊन झाल्यावर उरलेला गहूसुद्धा समुद्रात ओतला. गहू वाईट नव्हता, त्या वेळी जड होता. ताई, तुमच्या यादीत गायनाचा सराव आहे, फेस्ताची वर्गणी गोळा करणं आहे, नातेवाइकांच्या घरचे सोहळे आहेत. यातलं एखाददुसरं सहा महिन्यांसाठी दुसऱ्याकडे द्या. देवाचं काम म्हणून धरून ठेवलेलं असलं तरी द्या.

राहिलं मे महिन्यातलं बोलणं. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. नाही म्हणायचं, ही एक. ती अगदी मानाची वाट आहे आणि प्रकृतीचं कारण खरंच आहे. सगळ्यांना हवं तसं छान बोलायचं, ही दुसरी. तसं केलंत तर त्या रात्री तुम्हाला झोप लागणार नाही, म्हणून ती नको. तिसरी, जे आहे ते बोलायचं. तेवढं बळ वाटलं तर मी ही तिसरी निवडेन. सगळं उघडं करायची गरज नाही. सासूबाईंच्या आजारपणाचा तपशील, नणंद, नवऱ्याची नोकरी हे घरातच राहू दे. 'मलाही रात्री भीती वाटते, आणि अमक्या दिवशी अमकी माझ्याजवळ येऊन बसली', एवढं सांगितलंत तरी पुष्कळ. लादाईन, म्हणजे खुरसापुढची सामूहिक प्रार्थना, संपून द्रोणातले चणे वाटायला लागतील तेव्हा कोणीतरी हळूच तुमच्याजवळ येऊन 'मलाही' म्हणेल, असं मला वाटतं. वाड्यावर अशी एखादी असतेच.

त्याच पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात पौल अखेर रोमजवळ पोचतो. तो येतोय हे कळल्यावर तिथले विश्वासी लोक त्याला भेटायला साठेक किलोमीटर चालून सामोरे येतात. त्यांना पाहून पौल देवाचे आभार मानतो आणि त्याला धीर येतो. देवदूत पाहिलेला, वादळातून वाचलेला हा माणूस, त्यालाही ओळखीपाळखीची चार माणसं रस्त्यावर दिसल्यावर धीर आला. तुमच्याकडे अशी माणसं आहेत, पण तुम्ही कुठवर पोचला आहात हे त्यांना ठाऊकच नाही.

या शनिवारच्या आत नणंदेला फोन करा आणि डॉक्टरांची वेळ घ्या. नवऱ्याशी बोलणं त्यानंतर. मे अजून लांब आहे, त्याचं उत्तर आज देऊ नका, चार रात्री नीट झोप झाल्यावर द्या. आणि तपासणीत काय निघालं ते मला जरूर कळवा, मी वाट बघते आहे.